पिंपातला कारागीर: रेषांचा ठोकळा झाला

शेवटी माझ्या लाकडी ठशाच्या छापचित्राचा रेषांचा ठोकळा (ज्यावरून चित्राच्या रेषा छापतात) कोरून झाला!! मी जपानी चित्रकार होकुसाईच्या फुजी पर्वताच्या मालिकेतलं ओवारी प्रांताचं चित्र करतोय, ज्यात एक कारागीर अवाढव्य बिनबुडाच्या पिंपात शिरून आतून रंधा मारतोय आणि त्या गोलातून लांबवर इवलासा फुजी दिसतो. साधारण १८३०-३२ चं.

सगळा वेळ त्या गोलानेच खाल्ला. मी शिना प्लाय (कोरायला मऊ असं जपानी प्लायवूड) वापरतोय, त्यावर लाकडाच्या रेषेच्या दिशेने सुरी मस्त जाते पण गोलात लाकूड सारखं आडवं येतं आणि कड तुटते, दोनदा तुटली, चिकटवून परत कापली. मग हात एका जागी ठेवून ठोकळाच फिरवायला लागलो तेव्हा जमलं.

माणूस कोरताना मात्र फार मजा आली. पहिल्या ट्रेसिंगमध्ये पाठ जराशी सरळ गेली होती तर तो नुसता पिंपात उभा असल्यासारखा दिसायला लागला, काम करतोय असं वाटेचना. मूळ चित्रात अंगाचा सगळा भार रंध्यावर आलाय आणि तो फक्त त्या वाकण्यातून कळतो. याच मालिकेतल्या तोतोमी प्रांताच्या चित्रातले करवतवाले बघा, एक भल्यामोठ्या तुळईवर उभा, एक खाली, तिथेही तेच, आधी वजन कुठे आहे ते दिसतं, चेहरा नंतर.

आणि एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. तेव्हा पातळ कागदावरचं रेखाटन चेरीच्या लाकडावर पालथं चिकटवून त्याच्यातूनच कोरायचे, म्हणजे रेखाटन तिथेच संपायचं. आपण जी रेषा बघतो ती कोरणाऱ्याच्या सुरीची. चित्रावर सही होकुसाईची, प्रकाशक निशिमुराया योहाची हेही माहितीये, पण कोरणाऱ्याचं नाव नाही. रंधेवाल्याची पाठ इतकी नेमकी उतरवणारा तोही कारागीरच ना.

रेषा काळ्या नाही छापल्या. पहिल्या ३६ चित्रांत त्या निळ्या आहेत (नंतरच्या १० मध्ये काळ्या), म्हणून प्रशियन ब्लू आणि भाताची खळ. पिंप एकदम हलकं, हवेशीर दिसतंय!

आता रंगाचे ठोकळे. पहिलाच जवळपास १ मिमी सरकतोय, केंतोची (दर वेळी कागद त्याच जागी बसवायच्या खुणांची) कोपऱ्यातली खाच खोल झालीये, तिथे पातळ चकती बसवून परत कापणार. आकाशाचं बोकाशी (गडद ते फिकट विरत जाणारा रंग) त्यानंतर.