डाव्या हबातलं ग्रीस

त्या दसऱ्याला गावी गेलो तेव्हा मंडळाने माझा सत्कार केला. शाल, नारळ आणि 'बर्फातून जीव वाचवणारा आपला वाघ' असा फ्लेक्स. ज्यांनी कधी बर्फाचा गोळा सोडून बर्फ पाहिला नाही, त्यांनी वीस वीस मिनिटं भाषणं ठोकली. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी आभार मानले आणि खाली बसलो. जे बोलायला हवं होतं ते तसंच राहिलं.

२०१८ सालची गोष्ट. साताऱ्यात जुन्या मोटार स्टँडजवळच्या गॅरेजात हात काळे करून मी मनालीच्या एका ट्रेकिंग कंपनीत गाड्या सांभाळायला लागलो होतो. जून ते ऑक्टोबर मुक्काम हिमाचलातल्या लाहौलमध्ये, भागा नदीच्या काठी, जिस्पा गावाला. अटल बोगदा झाला २०२० साली. त्याआधी रोहतांग खिंड बंद म्हणजे मनाली बंद. माझ्याकडे दोन बोलेरो आणि एक १९९८ ची जिप्सी. बोलेरो गिऱ्हाइकांसाठी, जिप्सी माझ्यासाठी. कार्बोरेटरची गाडी. समुद्रसपाटीच्या हवेसाठी बसवलेला जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक तोटी, चार हजार मीटरवर काळा धूर ओकतो, म्हणून मी तिला एक नंबर बारीक जेट घातला होता. मालकाला त्यातलं काही कळत नव्हतं. त्याला गाडीवरचा स्टिकर सरळ हवा असायचा.

२३ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. आम्ही तिघं मराठी पोरं, वीतभर शाडूची मूर्ती आदल्या महिन्यातच मनालीहून आणून ठेवलेली. भागेत विसर्जन केलं तेव्हा आरतीच्या ताटात बर्फ पडत होता. सगळ्यांना मजा वाटली. फक्त मेमे हसला नाही. मेमे म्हणजे तिकडे आजोबा. शेजारच्या वाडीतला, पंच्याहत्तरीचा. त्याने झाडांकडे बोट दाखवलं. सफरचंदं उतरायची होती, पानं हिरवी होती. डिसेंबरात नागड्या फांदीवरून बर्फ घसरून जातो. पानाफळांनी भरलेल्या फांदीवर तो बसून राहतो. रात्रभर कडाकड आवाज येत होते, कोणी लाकडं फोडत असल्यासारखे. पहाटे सगळी वाडी मातीच्या धाब्यांवर चढून फळ्यांनी बर्फ ओढत होती, कारण वेळेत ओढला नाही तर छत गळतं. वीज गेली, फोन गेला.

सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास वरच्या पत्सेओच्या तंबूहॉटेलातला एक पोरगा गुडघाभर बर्फ तुडवत दारचा गावापर्यंत आला. लेहहून बारालाचा खिंड उतरून आलेला एक सायकलवाला वर अडकलाय, श्वास घेताना छातीत गुडगुड वाजतं, ओठ निळे. यावर पहिला इलाज एकच, माणसाला खाली आणणं. केलांगची रुग्णवाहिका पडलेल्या झाडांपलीकडे खोळंबली होती. बोलेरोंचं नावच नको, त्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या. राहिली जिप्सी, चारही चाकांना ताकद देता येणारी. बर्फात टायरांना बांधायची चेन मनालीच्या गोदामात. सप्टेंबरात चेन कोण नेतो? मी पकड वाढावी म्हणून टायरांमधली हवा अठरा पीएसआयवर आणली, दोन फावडी टाकली, दोर टाकला. न विचारता मेमे शेजारी येऊन बसला. त्याने आयुष्यभर जोंगा हाकली होती, लष्कराच्या लिलावातून घेतलेली जुनी जीप. आता तिच्यात गवत भरलेलं असतं.

आता हबाबद्दल, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्याबद्दल, सांगायला हवं, कारण सगळं तिथेच अडलं. आमच्या जिप्सीला आधीच्या मालकाने हाताने फिरवायचे फ्री-व्हील हब बसवले होते. एरवी पुढची चाकं मोकळी फिरतात. बर्फ लागला की खाली उतरून दोन्ही हबांच्या चकत्या 'लॉक'वर फिरवायच्या, मग आत बसून पुढच्या चाकांना ताकद जोडणारा छोटा दांडा ओढायचा. चकती फिरवली की आतली स्प्रिंग एक दातेरी कडी ढकलते, ती धुऱ्याच्या दात्यांत बसते आणि चाक धुऱ्याला बांधलं जातं. दोन्ही बाजूंना बसायला हवी. एकच बाजू सुटी राहिली तरी दोन चाकांत ताकद वाटणारा डिफरेन्शियल सगळी ताकद त्या सुट्या बाजूला वाहून नेतो. मग पुढची दोन्ही चाकं नुसती शोभेची.

मी चकत्या फिरवल्या, दोन्ही 'लॉक'वर दिसत होत्या. दारचा गावाच्या वरच्या तिसऱ्या वळणावर गाडी बसली. मी रेस दिली, मागे घेतली, परत रेस. मागचं बूड दरीकडे सरकलं. फावड्याने उकरलं, पोती घातली. पुन्हा तेच. मी बर्फाला शिव्या देत होतो, टायरांना देत होतो, मालकाला तर मनापासून.

मेमे खाली उतरून गाडीभोवती एक फेरी मारून आला. मग मला बोलावून नुसतं दाखवलं. मागच्या चाकांखाली बर्फ घासून काच झाला होता. पुढच्या चाकांखाली भुसभुशीत, टायरच्या नक्षीचा ठसासुद्धा शाबूत. पुढची चाकं एकदाही फिरली नव्हती.

डाव्या हबाचे सहा बोल्ट खोलले आणि मला कळलं. ऑगस्टमध्ये सर्व्हिसिंग मीच केलं होतं. साताऱ्यात उस्ताद सांगायचा, ग्रीस मारताना हात आखडू नको. मी हबाचं पोट ठासून भरलं होतं. उन्हात ते लोण्यासारखं होतं, आता मेणासारखं झालं होतं आणि कडी त्यात अर्ध्यावर रुतली होती. स्प्रिंगचं बळ ते किती! मी फडकं पेट्रोलमध्ये बुडवून बोटांनी ग्रीस काढत गेलो. त्या थंडीत पेट्रोल हातावरून उडतं तेव्हा भाजल्यासारखं होतं. दोन बोटांची टोकं पुढे महिनाभर बधिर होती. इंजिन ऑइलचे चार थेंब सोडले. चकती फिरवली. टक्. तो आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो.

पन्नास मिनिटं गेली होती.

वर पोचलो, सायकलवाल्या पोराला मागे बसतं केलं, उतरलो. पडलेली झाडं लोकांनी तोवर कापून बाजूला केली होती, अंधार पडता पडता केलांगच्या दवाखान्यात ऑक्सिजन लागला. तो वाचला. त्याच्या मित्राने मला मिठी मारली, कोणीतरी फोटो काढला, मालकाने तो सगळीकडे टाकला. त्या मिठीत असताना मी मेमेकडे पाहिलं. तो डाव्या पुढच्या चाकाकडे बघत होता.

ती पन्नास मिनिटं मी मोजत बसतो. पोरगा दगावला असता तर मीच बर्फाला दोष दिला असता आणि सगळ्यांनी मान डोलावली असती. मेमेने कोणाला काही सांगितलं नाही. मला सुनावलं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या जूनमध्ये जिस्पाला पोचल्यावर पहिल्याच दिवशी दोन्ही हब खोलून बसलो होतो. मेमे आला. डाव्या हबात बोट घालून आतून फिरवलं, बाहेर काढून उन्हात धरलं आणि माझ्याच बाहीला पुसलं. मग म्हणाला, "चाय पिलाओ."