पाटे वाढवायच्या आधी काट्यावर जा

मागच्या डिसेंबरात, कापसाचा सीझन ऐन भरात असताना, मी आमची इसुझू व्ही-क्रॉस पिकअप घेऊन पांढरकवड्याजवळच्या एका जिनिंगच्या काट्यावर गेलो. पुढे कापसाने भरलेल्या सात-आठ ट्रॅक्टर-ट्रॉल्या, मागे एक आयशर, आणि मधात ही टपावर तंबू बांधलेली गाडी. काट्यावरचा पोरगा खिडकीतून डोकं काढून म्हणे, "भाऊ, कापूस कुठं हाये?" म्हटलं कापूस नाही बाबा, नुसतं वजन करायचंय, आधी फक्त पुढची चाकं, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. त्याला वाटलं असेल की याचं डोकं फिरलंय, पण गडी चांगला होता, तिन्ही पावत्या दिल्या. पुढचा एक्सल ११००, मागचा १६६०, टोटल २७६० किलो. त्यात मी आणि बायको.

पावती हातात घेऊन मी बराच वेळ नुसता उभा राहिलो, मागच्या आयशरवाल्याने हॉर्न मारला तेव्हा भानावर आलो. आरसीवर लिहिलेल्या कमाल वजनाच्या आकड्यापेक्षा गाडी चांगलीच वर होती, आणि हे मला गाडीवर खर्च करून, एकदा रस्त्यात पाटा (मागच्या स्प्रिंगची पोलादी पट्टी) मोडून घेऊन, मग कळत होतं. उलटा कारभार.

तर सुरुवातीपासून सांगतो. २०१७ ची गाडी सेकंडहँड घेतली. पुढे डबल विशबोन आणि कॉइल स्प्रिंग, मागे पाटे, रिकामी चालवली की मागून थोडी उड्या मारते, पिकअपच आहे शेवटी. मग एकेक करून सामान वाढत गेलं. मागे हौद्यावर झाकणासारखी कॅनॉपी, टपावर तंबू, प्लायवूडचे ड्रॉवर (आमच्या गावच्या सुताराने १९ एमएमचं प्लाय वापरलं, दणकट म्हणजे इतकं की चार माणसं नाचली तरी काही होणार नाही, पण नाचणार कोण तिथे), लोखंडी मागचा बंपर, दोन स्टेपन्या, ८० लिटर पाणी, फ्रिज, आणि फ्रिजसाठी घरच्या इन्व्हर्टरची जुनी ट्युब्युलर बॅटरी. गाडी मागून बसली. रात्री समोरून येणारे सगळे डिपर मारायचे, मला वाटायचं लोकांना एवढी काय घाई, नंतर कळलं की मागून बसल्यामुळे माझे हेडलाइट त्यांच्या डोळ्यात जातायत.

यावर मी काय केलं असेल, तर एका मोठ्या शहरातल्या दुकानात जाऊन लिफ्ट, म्हणजे गाडी उंच करून आलो. पुढे ५० एमएमचे स्पेसर, मागे लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारा दुवा) आणि दोन जास्तीचे पाटे. त्या दुकानवाल्याने गाडीत काय भरता हे एकदाही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही, त्यामुळे सगळा दोष त्याच्यावर टाकता येत नाही. गाडी दिसायला मात्र एकदम भारी झाली. गावात दोन दिवस कौतुक झालं.

स्पेसरने वजन पेलायची ताकद वाढत नाही, हे तेव्हा माहीत नव्हतं. स्प्रिंग तीच, फक्त तिच्याखाली पाट ठेवून तिला उंच बसवलं एवढंच. आणि चाक आधीच खाली ढकललेलं असतं, त्याला खड्ड्यात अजून खाली जायला जागा उरत नाही, म्हणून खड्ड्यात 'टक' असा आवाज येतो. शॅकलचंही तसंच, शॅकल पाट्याच्या एकाच टोकाला असतो, त्यामुळे तो ५० एमएम लांब केला तर गाडी साधारण २५ च उचलते, वजन पेलायच्या बाबतीत शून्य. आणि सगळ्यात मोठी गंमत, मागच्या डिफरेन्शियलचा, म्हणजे एक्सलच्या मधातल्या गिअरचा गोळा जमिनीपासून होता तेवढ्याच उंचीवर राहतो, कारण तो चाकांसोबत असतो, तो फक्त टायर मोठे केले तरच वर जातो. म्हणजे पऱ्हाटीच्या खुंटावरून जाताना जिथे लागायचं तिथेच लागणार.

मग गेलो भामरागडकडे, पर्लकोटा, इंद्रावती आणि पामुलगौतमचा संगम पाहायला. आलापल्लीच्या पुढे, एका रपट्याच्या अलीकडे, धाडकन आवाज आला आणि गाडी उजवीकडे तिरपी. खाली वाकून पाहिलं तर मेन पाटा सेंटर बोल्टच्या (सगळे पाटे मधात एकत्र धरणारा बोल्ट) भोकाजवळ मोडलेला. तिथे मोबाइलला एक काडी रेंज, संध्याकाळचे पाच. एका ट्रॅक्टरवाल्या दादांनी थांबून सागाचा एक ठोकळा दिला, चेसिस आणि एक्सलच्या मधात तो ठोकून बसवला, तारेने आवळून बांधला, आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये पंधराच्या स्पीडने आलापल्लीला परत. आलापल्लीचं सागवान नावाजलेलं आहे, मी त्याचा असा उपयोग करेन असं वाटलं नव्हतं.

पाटा का मोडला हे मला वणीच्या पाटेवाल्या चाचांनी सांगितलं. वणीकडे कोळशाच्या टिप्परांमुळे पाट्याचं काम करणारे कारागीर भरपूर, आणि जो माणूस दिवसभर टिप्परचे पाटे बदलतो त्याला आपल्या पिकअपचं काम म्हणजे खेळणं. (घरून निघताना बायकोला म्हटलं, पाटा घ्यायला वणीला चाललो, तर ती म्हणे, वरवंटापण आणा, मिक्सरच्या चटणीला चव नाही.) चाचांनी मोडलेला तुकडा हातात फिरवला आणि म्हणाले, "यू-बोल्ट ढिले होते." म्हणजे पाट्यांचा गठ्ठा एक्सलला आवळून धरणारे बोल्ट. नवीन पाटे टाकले की पहिल्या दोन-चारशे किलोमीटरमध्ये ते एकमेकांवर बसतात, गठ्ठा थोडा पातळ होतो आणि यू-बोल्ट सैल पडतात, ते पुन्हा आवळले नाहीत तर पाटा सेंटर बोल्टच्या भोकापाशीच वाकत राहतो, आणि भोक म्हणजे पाट्याची सगळ्यात कमजोर जागा. मला दुकानात हे कोणी सांगितलं नव्हतं. वरून यू-बोल्ट जुनेच वापरलेले, ते एकदा ताणले गेले की परत वापरायचे नसतात.

मी म्हटलं चाचा, अजून दोन जाड पाटे टाका, म्हणजे बसणारच नाही. त्यावर ते जे बोलले ते मला अजून आठवतं, "वज्जन वाहाचं हाये का उंची दाखवाची हाये, ते आधी ठरवा. आन् वज्जन किती हाये, ते तरी मालूम हाये का तुमाले?"

मालूम नव्हतं. म्हणून तो काटा.

आता पाट्याच्या जाडीचं गणित सांगतो, कारण इथेच बहुतेक लोक फसतात. पाट्याचा कडकपणा रुंदीच्या हिशोबात सरळ वाढतो पण जाडीच्या घनाने वाढतो, म्हणजे ७ एमएमच्या जागी ८ एमएमचा पाटा टाकला तर आपल्याला वाटतं एकच एमएम, पण तो जवळपास दीडपट कडक होतो. एक जाड पाटा टाकला की रिकामी गाडी बैलगाडीसारखी, आणि कडक मागचा भाग खडबडीत रस्त्यावर चाक जमिनीला टेकूच देत नाही, मग ब्रेक मारला की मागचं घसरतं. चाचा म्हणतात जाड एक टाकण्यापेक्षा पातळ दोन बरे, आणि जुन्या पाट्याला भट्टीत घालून नुसती कमान मारून घेऊ नका, तापवल्यावर त्याला नीट पाणी दिलं नाही तर विळ्याच्या धारेसारखंच होतं, चार महिन्यांत परत सपाट.

वजन कुठे ठेवलंय हे वजन किती आहे याच्याइतकंच महत्त्वाचं. ज्यांनी बैलगाडी हाकली आहे त्यांना समजावून सांगायची गरज नाही, मागे जास्त भरलं की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं आणि बैलाच्या गळ्याला फास बसतो. पिकअपमध्ये बैलाच्या जागी पुढची चाकं. माझा ६० किलोचा बंपर मागच्या एक्सलच्या साधारण १.२ मीटर मागे, गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ३.१ मीटर, म्हणजे तो एकटा मागच्या एक्सलवर ८३ किलो टाकतो आणि पुढचे २३ किलो उचलतो. स्टेअरिंग हलकं लागायचं ते यामुळे, आणि मी खुश होतो की पॉवर स्टेअरिंग किती मऊ आहे!

घरी आल्यावर अंगणात ताडपत्री अंथरली आणि एकेक वस्तू घरच्या धान्य मोजायच्या काट्यावर ठेवली. ट्युब्युलर बॅटरी ५५ किलो, तिच्या जागी १०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट आली, १२ किलोची. पाणी ८० वरून ४० लिटर, एक लिटर म्हणजे एक किलो हे शाळेत शिकवलं होतं पण गाडीत कॅन भरताना कोणाला आठवतं, आणि आपल्याकडे हापसा नाही असं गाव कुठे आहे. दुसरी स्टेपनी गेली, पंक्चर किट ठेवली. लोखंडी बंपर विकला. सुताराचे ड्रॉवर काढून प्लॅस्टिकचे क्रेट आले, त्याला वाईट वाटेल म्हणून अजून सांगितलं नाही, ते ड्रॉवर सध्या गोठ्यात ढेपेचं कपाट झालेत. उरलेलं किरकोळ, लोखंडी शेगडी, तीन कुऱ्हाडी (तीन का होत्या देवाला ठाऊक), दोरखंड. परत काट्यावर गेलो तर पुढे ११२०, मागे १३७०, टोटल २४९०. दोनशे सत्तर किलो कमी, आणि आरसीवरच्या आकड्याच्या जेमतेम आत. सस्पेन्शन काहीही टाकलं तरी आरसीवरचा तो आकडा वाढत नाही हे डोक्यात पक्कं बसवा, कारण ब्रेक, एक्सल, बेअरिंग सगळं त्या आकड्यासाठी बनवलेलं असतं. आणि कायद्याचंही बघा, मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल चालत नाही, २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय. त्यामुळे आभाळाला टेकणारी लिफ्ट हा विषयच डोक्यातून काढला.

यानंतर स्प्रिंग निवडणं एकदम सोपं झालं. विचारायचा प्रश्न एकच, गाडीवर *कायम* किती वजन असतं? जास्तीत जास्त किती ते नाही. माझी कॅनॉपी, तंबू, क्रेट, फ्रिज, बॅटरी हे कधी निघत नाही, ते झाले दोनशेच्या आसपास. पाणी आणि माणसं येतात-जातात. मधल्या दिवसांत कधी डीएपीची चार पोती आणतो, ते पन्नास-पन्नास किलो, पण तेवढ्यासाठी वर्षभर कडक गाडी कशाला चालवू. म्हणून मधल्या वजनाचा पाट्यांचा सेट घेतला, साधारण ४० एमएम उंच, तीनशे-पाचशे किलोवाला घेतला नाही. पुढे स्पेसर काढून टाकले आणि थोड्या कडक कॉइल स्प्रिंग, पुढे बुलबार किंवा विंच नाही म्हणून हलक्यातल्या. पुढून यापेक्षा जास्त उचललं तर ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो, त्यावरचे रबरी बूट फाटतात, वरचा आर्म बदलावा लागतो, खर्चाला अंत नाही. उचलल्यावर चाकांची अलाइनमेंट करायचीच.

एअरबॅगचाही विचार केला होता, पाट्याच्या वर रबरी फुगा बसवतात, हवा भरली की गाडी वर. ज्यांचं वजन रोज बदलतं त्यांना सोयीचं आहे, नाही म्हणत नाही. पण पाटा आपलं वजन चेसिसवर दोन टोकांना वाटतो आणि फुगा ते सगळं मधात एकाच ठिकाणी दाबतो, आणि मागे लांब लोंबणारं वजन असेल तर चेसिस केबिनच्या मागे वाकल्याच्या किंवा तडकल्याच्या केसेस होतात. शिवाय आमच्या शेतरस्त्यावर तुराटीचे खुंट आणि बाभळीचे काटे, तिथे टायर सांभाळता सांभाळता जीव जातो, अजून दोन फुगे कोण सांभाळणार.

शॉकअपबद्दल लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज, की गाडी बसली म्हणजे शॉकअप गेले. शॉकअप वजन उचलतच नाही, वजन स्प्रिंग उचलते, शॉकअप फक्त तिची उडी थांबवतो. त्यामुळे स्प्रिंग कडक केली आणि शॉकअप जुनेच ठेवले तर ती त्यांना जुमानत नाही, एका खड्ड्यात गाडी तीनदा उठते. दुसरं म्हणजे गरमी. आतलं तेल सारखं वर-खाली होऊन तापतं, गिट्टी उखडलेल्या रस्त्यावर तासभर चाललात की त्यात हवा मिसळून फेस होतो आणि शॉकअप असून नसल्यासारखा. आणि हे चंद्रपूरकडे मे महिन्यात, जिथे कधीकधी बाहेरच ४७ डिग्री असतं. मोनोट्यूबमध्ये (एकाच नळीचा शॉकअप) गॅस आणि तेल वेगळं ठेवलेलं असतं आणि ते लवकर थंड होतात, वेगळ्या टाकीवाले अजून थंड राहतात पण महाग, आणि मी काही रॅली मारत नाही. गॅस भरलेले जाड ट्विन-ट्यूब (नळीत नळी असलेले) घेतले, दगड लागून पोचा आला तरी ते चालत राहतात, मोनोट्यूबला पोचा आला की पिस्टन अडकतो. लांबी मात्र मोजून घ्या, पूर्ण दबल्यावर शॉकअप टेकायच्या आधी बंप स्टॉप (एक्सल अडवणारा रबरी ठोकळा) टेकला पाहिजे, नाहीतर शॉकअपच हातोडा होतो.

टायरवर लोड इंडेक्स लिहिलेला असतो तो वाचा, ११२ म्हणजे एका टायरला ११२० किलो. आणि ज्या पिकअपला मागच्या ब्रेकचा प्रेशर वजनानुसार कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो, त्यांनी लिफ्टनंतर तो सेट करून घ्यायचा, नाहीतर गाडी वर दिसल्यामुळे त्याला वाटतं गाडी रिकामी आहे आणि मागचे ब्रेक कमी लागतात.

चाचांकडेच बसवून घेतलं सगळं. पाट्याच्या टोकातल्या रबरी बुशचे बोल्ट त्यांनी गाडी चाकांवर उभी करून, वजन आल्यावरच आवळले, जॅकवर आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं. काम झाल्यावर मी खुश होऊन म्हटलं, चाचा आता गाडी बसणार नाही ना? तर म्हणे, "गाडी नाई बसत राजा, तुमी भरून भरून बसवता."

मागच्या आठवड्यात सेमाडोहकडून चिखलदऱ्याला चढलो, दोघं आणि ४० लिटर पाणी. हेडलाइट रस्त्यावर होते, कोणी डिपर मारला नाही, वळणावर गाडी लोटांगण घालत नाही. रिकामी असताना मागून अजून थोडी टणटण करते, ते मी चालवून घेतो. ओडोमीटरवर नवीन पाट्यांचे ३८० किलोमीटर झालेत, उद्या सकाळी उन्हाच्या आधी गाडीखाली शिरून यू-बोल्ट आवळायचेत.