इटलीतून आणायच्या तीन बाटल्या

इटलीच्या पहिल्या प्रवासात बोलोन्यातल्या एका दुकानाच्या दर्शनी काचेत, उन्हात चमकणारी ऑलिव्ह तेलाची पारदर्शक बाटली मी केवळ तिच्या रूपावर भाळून घेतली. घरी उघडली तेव्हा तेलाला खवट वास येत होता. उजेड, उष्णता आणि हवा हे या तेलाचे तीन वैरी आहेत, आणि त्यांतले पहिले दोन त्या बाटलीने दुकानातच सोसले होते. तेव्हापासून मी बाटलीची मागची बाजू आधी वाचते. तेल, व्हिनेगर आणि वाइन एकाच फळीवर शेजारी मांडलेली दिसली, तरी वय वाढणे प्रत्येकाला सारखे मानवत नाही, हे त्या वाचनातूनच मला उमगले.

तेल जितके ताजे तितके उत्तम. इटलीत ऑलिव्हची तोडणी मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात होते, म्हणून 'कांपान्या दि राकोल्ता' म्हणजे तोडणीचा हंगाम छापला असेल, तर मी सर्वांत अलीकडचा निवडते. 'एक्स्ट्रा व्हर्जिन' म्हणजे सर्वांत वरच्या प्रतीच्या तेलाची आम्लता ०.८ टक्क्यांहून अधिक असता कामा नये, पण ही केवळ किमान पात्रता झाली. दर्शनी बाजूला इटलीतल्या तोस्काना प्रांताच्या टेकड्यांचे चित्र असूनही मागे बारीक अक्षरांत 'युरोपीय संघातील तेलांचे मिश्रण' असे लिहिलेले असू शकते. पुल्या प्रांतातल्या कोरातिना जातीच्या ऑलिव्हचे तेल कडवट आणि तिखट असते, तर लिगुरिया प्रांतातल्या ताज्जास्का जातीचे सौम्य. घशाशी येणारा ठसका हा दोष नसून तेलातील पॉलिफेनॉल या नैसर्गिक द्रव्यांची खूण आहे, हे कळल्यावर मला कोरातिनाच अधिक आवडू लागले.

व्हिनेगरची गोष्ट नेमकी उलटी आहे. मोडेना शहराचे 'त्रादिझियोनाले' म्हणजे पारंपरिक बाल्सामिक व्हिनेगर केवळ आटवलेल्या द्राक्षरसापासून बनते आणि ते लहान लहान होत जाणाऱ्या लाकडी पिंपांच्या रांगेत, बहुधा घराच्या माळ्यावर, किमान १२ वर्षे मुरते. उन्हाळ्याच्या तापाने पाण्याचा अंश उडतो, घटलेले पिंप शेजारच्या मोठ्या पिंपातून भरले जाते, आणि ओक, चेस्टनट, चेरी, जुनिपर अशा लाकडांचा गंध हळूहळू रसात उतरतो. 'एक्स्ट्राव्हेक्यो' म्हणजे 'अतिजुने' लिहिलेले असेल तर किमान २५ वर्षे. चाखणाऱ्यांच्या मंडळाने पसंत केल्यावरच ते मोटारींचे आरेखनकार जोर्जेत्तो ज्युजारो यांनी आखलेल्या १०० मिलिलिटरच्या एकाच घाटाच्या बाटलीत भरले जाते.

याउलट 'आयजीपी' या भौगोलिक ओळखीच्या शिक्क्याच्या बाल्सामिकमध्ये द्राक्षरसाबरोबर वाइनचे व्हिनेगर असते, रंगासाठी २ टक्क्यांपर्यंत कॅरॅमल चालते आणि लाकडाचा सहवास ६० दिवसांचाही पुरतो. रोजच्या सॅलडसाठी मी हेच घेते, आणि घटकांच्या यादीत द्राक्षरस व्हिनेगरच्या आधी आहे ना, तेवढे पाहते. 'क्रेमा' नावाने मिळणारी दाट चटणी मात्र मी टाळते, कारण तिचा दाटपणा मुरण्यातून नव्हे, तर बहुधा स्टार्च किंवा साखरेच्या पाकातून आलेला असतो.

वाइनबाबत वर्षे मोजण्यापूर्वी ती कोणती आहे हे पाहावे लागते. नेब्बियोलो द्राक्षांची बारोलो ही लाल वाइन किमान ३८ महिने, त्यांपैकी १८ लाकडात, मुरल्याशिवाय विक्रीस येत नाही आणि नंतरही वर्षानुवर्षे खुलत राहते, तर साधी ताजी पांढरी वाइन लवकर प्यायलेली बरी. काळ्या कोंबड्याचा शिक्का असलेल्या कियांती क्लासिको या तोस्कानाच्या लाल वाइनमध्ये किमान ८० टक्के सांजोव्हेझे द्राक्षे असतात. माझा कल ज्या भागात फिरते आहे, तिथल्याच जेवणासोबत चाखून आवडलेली बाटली घेण्याकडे असतो.

सामान बांधताना तेल शक्यतो पत्र्याच्या डब्यातले घेते, म्हणजे उजेड आणि फुटणे, दोन्हींची काळजी मिटते. वाइनच्या बाटल्या लोकरी कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेच्या मधोमध जातात. त्रादिझियोनालेची ती गोलाकार छोटी बाटली मात्र मी हातातल्या पिशवीतच ठेवते.