पंखामागे टॉर्च धरा, मग नाव लिहा

एमएससीच्या प्रोजेक्टसाठी मी तमिळनाडूत कळक्काड-मुंडंतुरईच्या जंगलात फळं खाणाऱ्या वटवाघळांची यादी करत होते. परवानग्यांमध्येच चार महिने गेले, ते सोडून देते.

अंधार पडायच्या आत मिस्ट नेट (उडणारी वटवाघळं पकडायची बारीक जाळी) लावायचं, दर दहा मिनिटांनी फेरी मारायची, नाहीतर वटवाघळं जाळी चावत अजूनच गुंततात, मग लेदरचे ग्लोव्हज घालून हळूच सोडवायचं आणि व्हर्नियर मोजपट्टीने कोपर ते मनगट मोजायचं. तिथे खरा घोळ दोन जातींचा, सायनॉप्टेरस स्फिंक्स आणि त्याच्यापेक्षा जरा लहान सायनॉप्टेरस ब्रॅकिओटिस. कानांची पांढरी कड दोघांनाही. एक आलं 61 मिमीचं, मी लगेच लिहून टाकलं, "स्फिंक्स, पिल्लू".

सोबतच्या सीनियर ताईने काही न बोलता त्याचा पंख पसरला आणि मागून टॉर्च धरला. पिल्लू असेल तर बोटांच्या सांध्यात कूर्चेची फट उजेडात आरपार दिसते. इथे सांधा भरलेला, गोल गाठीसारखा. म्हणजे पूर्ण वाढलेलं, मग एवढं लहान ते बहुतेक ब्रॅकिओटिस!

मग पंखाच्या पडद्यातून रक्तवाहिनी टाळून डीएनएसाठी 3 मिमीचा पंच (गोल तुकडा) घेतला (भोक काही आठवड्यांत भरून येतं) आणि वटवाघूळ सोडून दिलं. याआधीची सहा सॅम्पल माझ्या हातून वाया गेली होती कारण ट्यूबवर मार्करने लिहिलेले नंबर इथेनॉलने पुसले गेले, खूप वाईट वाटलं होतं, त्या जिवांना उगाच त्रास दिला. आता कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलने लिहून ती ट्यूबच्या आतच टाकते.

लॅबमध्ये सायटोक्रोम बी जीनसाठी पीसीआर (त्या जीनच्या भरपूर प्रती बनवायची पद्धत) केला, दोन वेळा तपासणीचं जेल कोरं, डीएनए डायल्यूट केल्यावर तिसऱ्यांदा बँड, म्हणजे डीएनएचा पट्टा, आला. त्याचा सीक्वेन्स जेनबँक या सार्वजनिक डीएनए साठ्याशी जुळवून पाहिला तर ब्रॅकिओटिस. पण तिथलं नावसुद्धा कुणीतरी माणसानेच दिलेलं असतं ना, आणि ब्रॅकिओटिस या एका नावाखाली बऱ्याच वेगवेगळ्या लाइनेज (वंशशाखा) आहेत, म्हणून नुसत्या जुळणीच्या टक्क्यांवर न थांबता दक्षिण भारत आणि श्रीलंकेचे सीक्वेन्स घेऊन ट्री, म्हणजे नात्यांचा वंशवृक्ष, बनवली.

सलीम अली यांच्या नावाच्या वटवाघळाच्या जातीचं असंच झालं होतं. 1948 मध्ये तमिळनाडूतल्या हाय वेव्ही डोंगरात मिळालेला नमुना मुंबईत बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) संग्रहात स्फिंक्स म्हणून पडून होता, 1972 मध्ये थायलंडचे प्राणिशास्त्रज्ञ किट्टी थोंगलोंग्या यांनी तो नवीन जीनसच (प्रजाती-गट) असल्याचं दाखवून दिलं. चोवीस वर्षं, एका लेबलमुळे.

माझ्या जुन्या डेटाशीटमध्ये "पिल्लू" लिहिलेली अजून चार आहेत, टॉर्च न लावता लिहिलेली. त्यांचे पंच कालच सीक्वेन्सिंगला पाठवलेत.