आमची वाटचाल : फायरट्यूबपासून ग्लायकॉलपर्यंत

सुरुवातीला ग्लायकॉलशी आमचं काही देणंघेणं नव्हतं. आमचं फॅब्रिकेशनचं छोटं शॉप. नैसर्गिक वायू वाळवणाऱ्या युनिटमध्ये ग्लायकॉल हा द्रव वायूतलं पाणी शोषून घेतो, आणि रिबॉयलर नावाच्या भांड्यात तो तापवून ते पाणी उडवतात. त्या रिबॉयलरमधली जळालेली फायरट्यूब, म्हणजे आतून आगीने तापणारी नळी, काढायची, नवी बसवायची, बिल लावायचं. पण त्याच युनिटची ट्यूब पुन्हा पुन्हा दुरुस्तीला येऊ लागली, तेव्हा वेल्डिंगचं काम मिळतंय याचा आनंद मानायचा की कारण शोधायचं, असा प्रश्न पडला. आम्ही कारण शोधायला घेतलं आणि तिथून धंदाच बदलला.

काढलेल्या ट्यूबवर पांढरट-करडा, खडबडीत थर असायचा. ते मीठ. वायूच्या विहिरीतलं खारं पाणी, ते वेगळं करणाऱ्या सेपरेटरमधून निसटून, वायूबरोबर येतं आणि ग्लायकॉलमध्ये उतरतं. रिबॉयलरमध्ये पाणी वाफ होऊन जातं, मीठ मात्र तापलेल्या ट्यूबवर बसतं. थराखालचा पत्रा लाल होतो, आणि त्याला लागून असलेलं ग्लायकॉल करपतं.

या कामात वापरतात ते ट्रायइथिलीन ग्लायकॉल साधारण 285 अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी 100 ला. त्यामुळे दोघांना वेगळं करणं तसं सोपं. पण 206 अंशांच्या पुढे ग्लायकॉलचं विघटन सुरू होतं, म्हणून रिबॉयलर 204 च्या वर नेत नाहीत. तेवढ्या तापमानाला, साध्या वातावरणीय दाबाला, ग्लायकॉलची शुद्धता 98.6 टक्क्यांच्या आसपास अडते. वायू आणखी कोरडा हवा असला की आच वाढवायला ऑपरेटरचा हात बर्नरकडे जातो. खरा उपाय स्ट्रिपिंग गॅसचा. थोडा कोरडा वायू गरम ग्लायकॉलमधून सोडला की उरलेलं पाणी तो घेऊन जातो आणि शुद्धता 99.9 टक्क्यांपर्यंत पोहोचते. जुन्या रिबॉयलरला स्ट्रिपिंग कॉलम जोडून देणं हे आमचं पहिलं स्वतःचं म्हणावं असं काम.

मग ग्लायकॉलचे नमुने तपासायला लागलो. पीएच मीटर आणि पाण्याचं प्रमाण मोजणारी कार्ल फिशर चाचणी, एवढ्यावर बरंच कळतं. पीएच 7 ते 8 मध्ये हवा. 6 च्या खाली गेला की लोखंड खायला लागतं, 8.5 च्या वर गेला की फेस येतो. करपलेल्या ग्लायकॉलला जळक्या साखरेसारखा वास येतो. आमचा जुना वेल्डर बाटलीचं झाकण उघडताच सांगतो. (तरी रिपोर्टवर वास लिहून चालत नाही.) पीएच उतरला की तो वर आणणारं अमाइन नुसतं ओतत राहायचं, ही पद्धत मला कधीच पटली नाही. आम्ही आधी फिल्टर उघडायला सांगतो, इनलेट सेपरेटर बघायला सांगतो.

सध्या निम्म्याहून जास्त काम खराब झालेलं ग्लायकॉल परत वापरण्याजोगं करून देण्याचं आहे. व्हॅक्युमखाली ते 200 अंशांच्या बरंच खाली उकळतं. वर स्वच्छ ग्लायकॉल मिळतं, तळाशी मीठ आणि चिकट काळा गाळ उरतो. तो गाळ हाताळणं हा या धंद्यातला सगळ्यात कटकटीचा भाग. फायरट्यूबची कामं अजूनही घेतो, पण ग्लायकॉलचा नमुना आल्याशिवाय नवी ट्यूब बसवत नाही.