एका खड्यातून उलगडलेला आयनिक बंध

आयनिक संयुगे, म्हणजे धन आणि ऋण प्रभार असलेल्या अणूंची (आयनांची) मिठासारखी संयुगे, कठीण पण ठिसूळ असतात, त्यांचे द्रवणांक उच्च असतात, ती घनरूपात वीज वाहून नेत नाहीत, मात्र वितळल्यावर किंवा पाण्यात विरघळल्यावर नेतात, एवढे पाठ केले की परीक्षेत पूर्ण गुण मिळतात. आमचे विज्ञानाचे सर मात्र ते पाठ करू देत नसत. हे सगळे गुणधर्म एकाच रचनेतून निघतात आणि ती रचना समजली की पाठांतराची गरज उरत नाही, असा त्यांचा आग्रह होता. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत त्या तासांविषयीच लिहावे, असे मला मनापासून वाटले.

आमची शाळा मिठागरांच्या शेजारची असल्यामुळे आगरातले खडे मीठ वर्गात नेहमीच असे, आणि भिंगाखाली त्यातले चौकोनी स्फटिक आम्ही पाहिले होते. फोडून दाखवण्यासाठी मात्र सर सैंधवाचा पारदर्शक खडा आणत. त्याच्या सपाट बाजूला समांतर असे पाते धरून त्यांनी हातोडीचा हलका ठोका दिला, की खडा सरळ दुभंगे आणि आतली नवी बाजूही तितकीच गुळगुळीत निघे. मीठ म्हणजे सोडिअम क्लोराइड; त्यात प्रत्येक धन सोडिअम आयनाभोवती सहा ऋण क्लोराइड आयन आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडिअम आयन असतात. ठोक्याने एक थर जरासा सरकला की धनासमोर धन आणि ऋणासमोर ऋण येते, आकर्षणाची जागा प्रतिकर्षण घेते आणि स्फटिक त्याच प्रतलात फुटतो.

या मांडणीत मिठाचा सुटा रेणू कुठेच नाही. भौतिकशास्त्रज्ञ ब्रॅग पिता-पुत्रांनी १९१३ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने हे दाखवून दिले, तरी हेन्री आर्मस्ट्राँग यांच्यासारखे नामवंत रसायनशास्त्रज्ञ १९२७ मध्येही ते मान्य करायला तयार नव्हते, हे सरांनी सांगितले तेव्हा विज्ञानातही नवी गोष्ट किती सावकाश रुजते ते आम्हांला कळले.

सोडिअम इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन घेतो आणि दोघांचे अष्टक (बाहेरच्या कवचातले आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण होते, यावरही सर थांबत नसत. वायुरूप सोडिअमच्या एक मोल (अणू मोजण्याचे ठरावीक परिमाण) अणूंमधून इलेक्ट्रॉन काढायला ४९६ किलोजूल ऊर्जा लागते आणि क्लोरीनने ते स्वीकारल्यावर ३४९ किलोजूलच परत मिळते, म्हणजे व्यवहार तोट्याचा; तो भरून निघतो आयन एकत्र येऊन स्फटिक बनताना बाहेर पडणाऱ्या सुमारे ७८७ किलोजूल ऊर्जेमुळे. हेच आकर्षण मोडायचे असल्यामुळे मीठ ८०१ अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाही. घनरूपात आयन जागेला खिळलेले असतात, म्हणून कोरड्या मिठात बुडवलेल्या कार्बनच्या कांड्यांनी दिवा लागत नसे, आणि पाणी ओतून ढवळले की आयन मोकळे होऊन तो लागे.

पुढे पोलाद कारखान्यात भट्ट्यांच्या अस्तराचे काम माझ्याकडे आले. तिथल्या विटांमधील मुख्य घटक मॅग्नेशिअम ऑक्साइड. त्याची रचना मिठासारखीच, पण प्रत्येक आयनावर दुप्पट प्रभार आणि आयनांमधले अंतर कमी, त्यामुळे द्रवणांक २८०० अंशांच्याही वर जातो. हाताखालच्या नव्या अभियंत्यांना मी आधी प्रभार आणि अंतर यांचाच विचार करायला लावतो, आणि विटांच्या माहितीपत्रकातले आकडे त्यानंतर त्यांच्यापुढे ठेवतो.