आमची वाटचाल : फीत, घड्याळ आणि भेगांचा खडक

आम्ही दोघा भूशास्त्रज्ञांनी पुण्यात भाड्याच्या एका खोलीत विहिरी आणि बोअर किती पाणी देऊ शकतात हे तपासण्याच्या कामाला सुरुवात केली, तेव्हा आमच्याजवळ पाणीपातळी मोजण्याची फीत, एक घड्याळ आणि लॉग आलेखकागदांचे गठ्ठे एवढेच साहित्य होते. उपसा सुरू करून पातळी किती खाली जाते ते ठरावीक मिनिटांनी टिपायचे आणि त्या बिंदूंवर भूजलशास्त्रज्ञ थाइस यांचा १९३५ चा प्रमाण वक्र (उपशाने पातळी कशी उतरते हे दाखवणारी ठरीव रेषा) बसवायचा, अशी आमची पद्धत होती. तो वक्र जलधर, म्हणजे पाणी साठवणारा खडकाचा थर, सर्वत्र एकसारखा आणि अमर्याद पसरलेला असल्याचे गृहीत धरतो. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये मात्र काळ्या पाषाणाच्या भेगा, मांजऱ्या (बुडबुड्यांच्या छिद्रांचा) खडक आणि मध्येच येणारा गेरूचा लाल थर यांमुळे शंभर फुटांवरची दुसरी बोअर निराळीच वागते.

हे आम्ही पुरंदरमधील एका अंजीर बागायतदारांच्या बोअरवर शिकलो. चार तासांच्या चाचणीत आलेखाची रेषा सरळ आली, म्हणून आम्ही मोठ्या पंपाची शिफारस केली आणि एप्रिलमध्ये तो पंप हवा ओढू लागला. आम्ही शुल्क परत केले आणि स्वखर्चाने चोवीस तासांची चाचणी घेतली. सातव्या तासानंतर रेषेचा उतार जवळजवळ दुप्पट झालेला दिसला. पाणी देणारी भेग एका बाजूला बंद असल्याची ती खूण होती.

त्यानंतर आम्ही तेलविहिरींच्या दाबाचे गणित अभ्यासले. बारेनब्लाट आणि सहकाऱ्यांनी १९६० मध्ये, तर वॉरन व रूट यांनी १९६३ मध्ये भेगा आणि दगडाचे ठोकळे या दोन स्वतंत्र साठ्यांची मांडणी केली. तिच्यानुसार आधी भेगा रिकाम्या होतात, मग ठोकळ्यांतून पाणी झिरपू लागते आणि दोन समांतर रेषांच्या मध्ये आलेख काही काळ सपाट होतो. हा सपाट भाग कालव्याचा किंवा ओढ्याचा पाझर समजण्याची चूक फार सहज होते, आणि माझ्या मते शेतकऱ्याला ती सर्वांत महाग पडते.

मोठ्या विहिरींचे दुखणे वेगळे आहे. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत पातळी एक मीटर उतरली, तर सुमारे अठ्ठावीस हजार लिटर पाणी विहिरीच्याच पोटातले असते. खडकाविषयी त्यातून काहीच कळत नाही.

आता आमच्याकडे दाब नोंदवणारे लॉगर आहेत, हवेच्या दाबाची वजावट करणारी आज्ञावली आम्ही स्वतः लिहिली आहे आणि उपसा थांबल्यावर पातळी भरून येईपर्यंतची नोंद आम्ही कधीही वगळत नाही. त्यांपैकी एक लॉगर त्याच अंजिराच्या बागेत आहे, आणि उन्हाळ्यात पंपाचे तास ठरवण्यापूर्वी बागायतदार त्याची नोंद मागवून घेतात.